दोन अ‍ॅडल्ट, शून्य चाइल्ड

हॉटेल बुक करायच्या कुठल्याही साइटवर दोन चौकटी असतात. एकीत अ‍ॅडल्ट किती ते निवडायचं, दुसरीत चिल्ड्रन किती. पहिलीत आधीपासून दोन आलेलं असतं, दुसरीत शून्य. डिफॉल्ट व्हॅल्यू. आमच्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती, पण त्या दुसऱ्या चौकटीला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. एरवी त्याचं काही वाटत नाही. महाबळेश्वर असो की लास व्हेगास, ते शून्य आपलं गप्प कोपऱ्यात बसून असतं. पण 2024 च्या ऑगस्टमध्ये मी ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डचं बुकिंग करायला बसलो आणि ते शून्य एकदम माझ्याकडे बघायलाच लागलं.

तर मंडळी, आजचा विषय हा. मूलबाळ नसलेल्या, चाळिशीला टेकलेल्या दोन माणसांनी सुट्टी काढून मिकी माऊसच्या गावाला जावं का? आणि गेलंच, तर मजा येते का? घाईत असलेल्यांसाठी उत्तर: जावं, येते. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण प्रकरण दिसतं तितकं सरळ नाही.

आमच्याकडे एक यादी होती. 'बाळ झालं की' अशी यादी. कागदावर नव्हती, पण दोघांनाही पाठ होती. बाळ झालं की मोठी गाडी घ्यायची. बाळ झालं की पुण्याला परत जायचं का यावर एकदाचा निर्णय घ्यायचा. बाळ पाच वर्षांचं झालं की डिस्नेला जायचं. (पाचच का, तर चालून दमत नाही आणि लक्षात राहतं, असा हिचा हिशोब.) मग 2016 पासून सहा वर्षं दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, फ्रीजमध्ये दुधाशेजारी औषधांचा डबा झाला, तीन वेळा आयव्हीएफ झालं. 2022 मध्ये आम्ही थांबलो. डॉक्टर चौथ्या वेळेला तयार होते, आम्ही नव्हतो. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, किंवा नाही लिहिणार.

पण यादी होती तिथेच राहिली. गाडी घ्यावीच लागली, कारण जुनी मेली. पुण्याचा विषय अजून चालूच आहे. राहता राहिलं डिस्ने. एका शनिवारी पोहे खाता खाता ही म्हणाली, "आपण डिस्नेला जाऊ या."

मी विचारलं, "कोणाबरोबर?"

"तुझ्याबरोबर. दुसरं कोण रिकामं आहे?"

यावर मी नेहमीप्रमाणे इंजिनिअर झालो. सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात उकडतं. चक्रीवादळांचा मोसम असतो. एका दिवसाचं तिकीट माणशी शंभर डॉलरच्या पुढे, वर पार्किंग. अटलांटाहून गाडीने जायचं म्हणजे जवळजवळ सात तास. हे सगळे मुद्दे खरे होते आणि एकही खरा नव्हता. खरी भीती एवढीच, की इतकी पोरं एका जागी बघून हिला काय वाटेल. तिला काय वाटेल, हं. मला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग बातमी फुटली. पुण्याहून मावशीचा फोन. "अरे, तिथे तर लहान मुलं जातात ना? तुम्ही दोघंच जाऊन काय करणार?" इथला एक मित्र म्हणाला, आमच्याबरोबर या की, दोन पोरं आवरायला चार हात होतील. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. खरोखरच त्याला हात कमी पडतात. अमेरिकेत तरी हा प्रश्न कुणाला पडत नसेल असं मला वाटत होतं. पण 2019 मध्ये इथे एका आईचं चिडून लिहिलेलं पोस्ट भरपूर गाजलं होतं. मूल नसलेली जोडपी डिस्नेत येऊन रांगा वाढवतात आणि आमच्या पोरांना ताटकळत ठेवतात, असा त्यातला सूर. त्यावर वर्तमानपत्रांतही गंभीरपणे वाद झाला. म्हणजे मावशी एकटी नाही, तिची शाखा इकडेही आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे जत्रेत हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझे आजोबा कऱ्हाडजवळचे. पालच्या खंडोबाच्या जत्रेला दरवर्षी जायचे. दर्शन घ्यायचे, भंडारा लावून घ्यायचे आणि मग पाळण्यात बसायचे, मौत का कुआँ बघायचे, शेव-रेवड्या खात संध्याकाळी परत. बरोबर नातवंडं असली तर ठीक, नसली तरी ठीक. सत्तरीच्या माणसाला 'पाळण्यात तुम्ही का?' असं कुणी म्हणालं नाही, कारण त्यांच्याकडे कारण होतं: खंडोबा. आपल्याला मजा करायला बंदी नाही, फक्त निमित्त लागतं. देवासाठी, पाहुण्यांसाठी, मुलांसाठी. 'मुलांसाठी' हे तर रामबाण. मुलांसाठी लोक मांजर पाळतात, समुद्रात उतरतात आणि रात्री दहाला आइस्क्रीम आणतात. आम्ही बिननिमित्ताचे निघालो होतो.

वॉल्ट डिस्नेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडवर न्यायचा. मुली घोड्यावर गोल गोल, आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खातोय. तिथे त्याला वाटलं, की आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा पाहिजे. त्यातून 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. फ्लोरिडाचं डिस्ने वर्ल्ड उघडलं 1 ऑक्टोबर 1971 ला, ते बघायला तो राहिला नव्हता. 1966 मध्येच गेला. म्हणजे या सगळ्या कारभाराच्या मुळाशी लहान मूल नाहीच. बाकावर बसून कंटाळलेला एक बाप्या आहे. हे कळल्यावर मला जरा धीर आला.

दुसरा धीर तिकिटाने दिला. डिस्नेच्या हिशोबात तीन वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही, तीन ते नऊ चाइल्ड, आणि दहाव्या वर्षापासून पुढे सगळे अ‍ॅडल्ट. म्हणजे चौथी-पाचवीतलं पोरगं आणि मी एकाच भावात आत जाणार. भाव एकच असेल तर मजाही तेवढीच घ्यायला हरकत नाही.

आणि मूल नसल्याचा निव्वळ व्यवहारी फायदाही आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. शाळेचं वेळापत्रक आपल्याला लागू नाही. लेबर डे झाला की इथल्या शाळा पुरत्या सुरू झालेल्या असतात, आणि त्या दिवसांत डिस्नेत मे-जूनपेक्षा बरीच कमी गर्दी असते. आम्ही बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस धरले. कमी गर्दी म्हणजे आपल्या दादर स्टेशनच्या मानाने अगदीच सामसूम.

बुधवारी मॅजिक किंगडम. आत शिरल्या शिरल्या सिटी हॉल नावाची एक इमारत आहे, तिथे फुकट बिल्ले मिळतात. पहिली भेट, वाढदिवस, वगैरे. ही तिथे गेली आणि 'आय अ‍ॅम सेलिब्रेटिंग' असं लिहिलेला बिल्ला घेऊन आली. त्यावर खाली मोकळी जागा असते, काय साजरं करताय ते लिहायला. काउंटरवरच्या मुलीने मार्कर पुढे केला तर ही म्हणाली, अजून ठरलं नाहीये. तसाच कोरा बिल्ला लावून फिरायला लागली.

सकाळचे दोन-तीन तास मी खरंच खूश होतो. यातलं निम्मं पाच वर्षांच्या पोराला दिसतच नाही हो! सिंड्रेलाचा किल्ला 189 फुटांचा आहे, पण बघताना त्याहून कितीतरी उंच वाटतो, कारण वर वर जाताना खिडक्या-बुरूज सगळं माप लहान लहान होत जातं. दोनशेच्या वर गेला असता तर विमानांसाठी तांबडा दिवा लावावा लागला असता, म्हणून अलीकडेच थांबलेत. आणि ज्याला आपण जमीन समजून चालतो तो खरं तर पहिला मजला आहे. खाली सगळे बोगदे. कामगार, कपडे, कचरा तिथून ये-जा करतात. फ्लोरिडात जरा खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले आणि समोरचं तळं खणताना निघालेली माती वर घालून बाग उभी केली. काउबॉयच्या वेषातला माणूस भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना दिसू नये, एवढ्यासाठी! बॅकएंड कधी फ्रंटएंडला दिसता कामा नये, हे आम्ही अजून शिकतोय. मी हे सगळं हिला सांगत होतो आणि ही "हं" म्हणत होती.

मग दुपारी ती आइस्क्रीमच्या रांगेत उभी राहिली आणि मी मेन स्ट्रीटवर उगाच रेंगाळत एका न्हाव्याच्या दुकानापाशी आलो. जुन्या काळचं, काचेचं, हार्मनी बार्बर शॉप नावाचं. इथे लोक मुद्दाम बाळांचे पहिले केस कापायला आणतात. मिकीचे कान देतात, सर्टिफिकेट देतात. आत एक वर्षभराचं पोरगं आजोबांच्या मांडीवर बसलं होतं. न्हावी फुगे उडवत, गाणी म्हणत एकेक बट कापत होता आणि आई ते केस एका कागदात गोळा करत होती.

म्हणजे जावळच की.

आपल्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझ्या भाच्याचं माझ्या मांडीवर झालं होतं. पठ्ठ्याने भोकाड पसरून माझ्या नव्या सदऱ्यावर सू केली होती. आणि आमच्याकडच्या जावळाला हिचा भाऊ नाशिकहून अमेरिकेला येणार, त्याला व्हिसाची कागदपत्रं आधीपासून पाठवायची, हेही त्या यादीत होतं. मी पार विसरून गेलो होतो. त्या काचेबाहेर ते सगळं एका क्षणात आठवलं, आणि मी, जो 'हिला काय वाटेल' म्हणून महिनाभर काळजी करत होतो, तो चाळीस वर्षांचा घोडा भर मेन स्ट्रीटवर मिकीचे कान घालून रडायला लागलो. मागे बॅंड वाजतोय. माणसं "हॅव अ मॅजिकल डे" म्हणतायत.

ही दोन आइस्क्रीमं घेऊन आली. आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "वितळतंय. रडायचंच असेल तर एसीत जाऊन रडू, चल."

मग आम्ही कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये गेलो. तिथे रांग नसते आणि वीसेक मिनिटं थंडगार अंधारात बसायला मिळतं. मुळात ही गोष्ट 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. नाटकाचे सेट जागच्या जागी असतात आणि प्रेक्षकांसकट अख्खं थिएटर त्यांच्याभोवती फिरतं. एक यांत्रिक कुटुंब आहे. बाप गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाची सुरुवात, मग घरात वीज येते, मग फ्रीज-टीव्ही, मग आजचं म्हणून जे काही दाखवलंय ते. मी डोळे पुसत यंत्रणा कशी चालत असेल याचा विचार करत होतो. तिसऱ्या अंकात ही माझ्या कानाशी कुजबुजली, "शंभर वर्षं झाली, यांची पोरं अजून घरातच आहेत. एक मोठं होईना."

मी इतक्या जोरात हसलो की पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी वळून बघितलं. मग आम्ही दोघंही हसत सुटलो, थांबताच येईना. नंतर ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. थिएटर फिरत होतं. एवढ्या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात सुखाची वाटलेली वीस मिनिटं हीच. यात कुठे मिकी नाही की राजकन्या नाही.

बाहेर आल्यावर तिने एका कर्मचाऱ्याकडून पेन मागितलं आणि बिल्ल्यावर देवनागरीत लिहिलं: बुधवार. त्याने अर्थ विचारला. "वेन्सडे," ही म्हणाली. त्याने मोठ्या गांभीर्याने "हॅपी वेन्सडे" म्हटलं. ही मला म्हणाली, "दर आठवड्याला येतो बिचारा, कुणी साजरा करत नाही."

इथे मला एक सोपं वाक्य लिहायचा मोह होतोय. ते असं: आईबाप बिचारे दिवसभर प्रोजेक्ट मॅनेजर झालेले असतात आणि आपण मोकळे. हे अर्धं खरंही आहे. आम्ही दिवसभरात निदान पंधरा कुटुंबांचे फोटो काढून दिले, आणि फोटोच्या आधी-नंतर त्यांच्यात काय चाललेलं असतं तेही ऐकलं. "इतके पैसे खर्च केलेत, आता हास!" हे वाक्य मी तीन भाषांत ऐकलं, त्यातली एक गुजराती. स्ट्रोलर लावायच्या जागेवर शेकडो सारख्या स्ट्रोलरमधून आपला शोधणारे बाप बघून मला एअरपोर्टवरचा सामानाचा पट्टा आठवला.

पण रात्री किल्ल्यावर फटाके सुरू झाले तेव्हा आमच्यापुढे एक जण मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. दिवसभर वैतागलेला असणार. ती वर बघत होती आणि तो फटाके सोडून मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. ते माझ्याकडे नाही. ते बुधवार साजरा करून मिळत नाही. मूल नसलं तरी मजा 'तितकीच' येते, असं जर कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय. मजा येते, पण ती वेगळी असते आणि तिच्या शेजारी हे दुसरं बसलेलं असतं. मी आजवर समजत होतो की एक गेल्याशिवाय दुसरं येत नाही, आधी दुःख पूर्ण व्हायला पाहिजे, मग मजा. सिंगल थ्रेडेड. तसं नसतं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

गुरुवारी अ‍ॅनिमल किंगडम. तिथे आनंदपूर नावाचं एक खोटं गाव उभारलंय, भारत-नेपाळ-आग्नेय आशिया सगळं एकत्र कालवून. पोपडे उडालेल्या भिंती, अर्धवट फाटलेली पोस्टरं, वायरींचा गुंता, गंजलेल्या सायकली. पडक्या राजवाड्याच्या भिंतीमागे खरेखुरे वाघ. गोऱ्या लोकांना ते अद्भुत वाटत होतं. हिला मात्र ते बघून तिच्या आत्याचं मिरजेचं घर आठवलं. "एवढं खरं केलंय आणि पानाच्या पिचकाऱ्या नाहीत," असं मत तिने दिलं.

तिथेच एक्स्पिडिशन एव्हरेस्ट नावाचा रोलरकोस्टर आहे, 2006 सालचा. हिला उंचीची भीती, त्यामुळे मी एकट्यांच्या रांगेत लागलो. एकट्या माणसाला हा मोठा फायदा: दोनदोनच्या सीटा असतात, विषम संख्येचं कुटुंब आलं की एक जागा रिकामी राहते, ती आपल्याला. माझ्या वाट्याला दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आली. बाप आणि धाकटा भाऊ पुढच्या सीटवर. हिची ही सहावी फेरी होती, त्यामुळे तिने माझा चार्ज घेतला. चष्मा काढा. मध्ये रूळ संपतील, घाबरू नका, मग आपण उलटे जातो. शेवटी यती दिसेल, त्याच्याकडे नीट बघा.

मग तिने विचारलं, "तुमची मुलं कुठे आहेत?"

"मला मुलं नाहीत."

तिने जरा विचार केला. "मग तुम्ही तुमच्यासाठी आलात?"

"हो."

"ओके," ती म्हणाली, आणि बार खाली आला.

बस, इतकंच. मोठ्यांना हे उत्तर देताना मला कायम पुढे काहीतरी जोडावं लागतं. 'नाहीत, पण भाचे आहेत.' 'नाहीत, पण आम्ही प्रवास खूप करतो.' तिला 'पण' नको होतं. आणि मग गाडी अंधारात उलटी सुटली तेव्हा मी असा काही ओरडलो, की तिचा बापसुद्धा दचकला असेल.

(यतीबद्दल इंजिनिअर मित्रांसाठी: तो एक प्रचंड यांत्रिक पुतळा आहे. रोलरकोस्टर उघडल्यावर थोड्याच काळात त्याची हालचाल बंद पडली. दुरुस्त करायला डोंगरच उकलावा लागेल म्हणतात. तेव्हापासून त्याच्यावर उघडझाप करणारा दिवा सोडतात, म्हणजे तो हलल्यासारखा वाटतो. प्रॉडक्शनमधला बग, त्यावर वर्कअराउंड, आणि लोक त्या वर्कअराउंडच्या प्रेमात. आपण उगाच लाजतो.)

शुक्रवारी एपकॉट. 1982 मध्ये उघडलेला हा भाग म्हणजे मोठ्यांचं माहेर. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं (आपलं नाही), प्रत्येकात तिथलं खाणं आणि पिणं. 'मोठ्यांनी डिस्नेत काय करावं' असं कुणीही सांगायला लागलं की याचंच नाव आधी घेतं. मोरोक्कोत खाल्लं, जर्मनीत प्यायलो, जपानच्या दुकानात तासभर काढला. छान होतं. पण खरं सांगतो, खाण्यापिण्यासाठी डिस्नेला जायची गरज नाही. 'मोठ्यांसाठीही बरंच काही आहे' हे सांगणं म्हणजे पुन्हा निमित्तच शोधणं झालं. आम्ही काही त्या 'मोठ्यांसाठी'च्या कोपऱ्यात बसायला सात तास गाडी चालवली नव्हती.

संध्याकाळी हॉटेलवरून बाबांना फोन केला. पुण्यात शनिवारची सकाळ. बाबांना मी एव्हरेस्टचं वर्णन ऐकवलं, यतीसकट.

बाबा म्हणाले, "एस्सेलवर्ल्डला गेलो होतो आपण. आठवतं तुला?"

न आठवायला काय झालं. 1994, मी दहा वर्षांचा. गोराईचं एस्सेलवर्ल्ड उघडून पाचच वर्षं झाली होती (आता 2022 पासून बंदच आहे). पुण्याहून निघून, बोटीत बसून आम्ही गेलो होतो. मला सगळे पाळणे आठवतात, आणि प्रत्येक पाळण्याच्या खाली उभे असलेले बाबा आठवतात. एका खांद्यावर पाण्याची पिशवी, दुसऱ्यावर डबे, हातात माझ्या आणि ताईच्या चपला.

"तुम्ही एकाही पाळण्यात बसला नाहीत," मी म्हटलं.

"बसायचं होतं रे," बाबा म्हणाले. "तो मोठा गोल होता ना, त्यात. तिकीट तर काढलेलंच होतं माझंही."

"मग?"

"पिशव्या कोण धरणार? आणि म्हटलं, लोक हसतील. वय का आता हे."

मी मनात हिशोब केला. 1994 मध्ये बाबा चाळीस वर्षांचे होते. माझ्याएवढेच.

म्हणजे दोन पोरं बरोबर असूनही बाबांना परवानगी मिळाली नव्हती. मला वाटत होतं माझ्याकडे पास नाही म्हणून मी बाहेर आहे. ज्यांच्याकडे पास होता तेही खाली चपला धरून उभे होते. आता तुम्हाला मूल असो वा नसो, हा पास देणारं ऑफिस कुठे आहे ते मला तरी सापडलेलं नाही. बहुतेक आपणच ते ऑफिस आहोत आणि आपणच जेवणाची सुट्टी म्हणून बोर्ड लावून ठेवलाय.

मावशीला परत आल्यावर फोटो पाठवले. तिने 'छान' असं लिहिलं आणि हात जोडलेलं चित्र टाकलं. तो अर्थ कुणी लावू नये.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा एक दिवस आईबाबांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला गेलो. तिकीट काढताना पुन्हा त्याच दोन चौकटी. चार अ‍ॅडल्ट, शून्य चाइल्ड. बाबांना ब्लड प्रेशर, त्यामुळे नायट्रोसारखे भयंकर प्रकार बादच. पण मेरी-गो-राउंड होतं. बाबांनी आधी दोन वेळा नको म्हटलं, मग इकडेतिकडे बघितलं, आणि मग एक पांढरा घोडा निवडला. आई शेजारच्यावर, पदर खोचून. बायकोने व्हिडिओ काढला.

पिशव्या मी धरल्या. उतरल्यावर बाबा म्हणाले घोडा जरा लहान आहे, आणि चहा कुठे मिळेल ते बघ.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.